‘गाले’ सहीची काच: अस्सल की नक्कल, कसे ओळखावे

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरचे दुकान असो की परदेशातला लिलाव, ‘गाले’ अशी सही असलेली फुलदाणी किंवा दिवा समोर आला की बहुतेकांची नजर आधी सहीवर जाते. ही सवय मोडा. सही सर्वांत शेवटी बघायची.

एमिल गाले (1846–1904) हे फ्रान्समधल्या नान्सी शहरातले काचकलावंत. ते गेल्यावरही त्यांचा कारखाना 1930 च्या दशकापर्यंत चालला आणि माल त्यांच्याच नावाच्या सहीने बाहेर पडत राहिला. कारखान्याने सहीचे अनेक प्रकार वापरले आहेत: आडव्या, उभ्या, वेलीसारख्या वळलेल्या. त्यामुळे पुस्तकातल्या छायाचित्राशी अक्षरांचे वळण जुळवून निकाल लागत नाही. शिवाय नक्कल करणाऱ्याकडेही तेच पुस्तक असते.

सोबत 10 पट मोठे दाखवणारे भिंग, छोटी टॉर्च, पांढरा कागद, थोडे ॲसिटोन आणि कापूस ठेवा.

आधी ही काच कशी बनते ते ध्यानात घ्या, कारण सगळ्या खुणा त्यातूनच निघतात. फिकट काचेवर एक किंवा अधिक रंगीत काचांचे थर चढवून भांडे फुंकले जाई. थंड झाल्यावर जे नक्षीकाम राखायचे त्यावर आम्ल रोखणारा लेप लावत आणि भांडे हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवत. उघडा भाग झिजे, झाकलेला उठून राही. हे टप्प्याटप्प्याने अनेकदा केले की एकाच जांभळ्या थरातून गडद, मध्यम आणि फिकट अशा छटा मिळत. अस्सल कामाची ही सर्वांत भरवशाची खूण. टॉर्च भांड्याच्या आत धरून पानांकडे, डोंगरांकडे पाहा. रंग कडेला विरळ होत गेला असेल, मागची झाडे पुढच्यांपेक्षा फिकट असतील तर पुढे जा. सगळी नक्षी एकाच जाडीची, एकाच छटेची आणि कडा उभ्या कापल्यासारख्या असतील तर सावध व्हा.

मग पृष्ठभाग भिंगाखाली घ्या. आम्लाने झिजलेली काच मऊ, मेणचट चकाकते. वाळूच्या माऱ्याने कोरलेली काच पिठीसाखर भुरभुरल्यासारखी एकसारखी खरखरीत दिसते, आणि तशी असेल तर वस्तू परत ठेवा. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. आधुनिक नकलांतही आम्ल वापरतात, म्हणून आम्लाची खूण एवढ्यावरून जुनेपण ठरत नाही.

स्वस्त नकलांत थर नसतातच, साध्या काचेवर रंग मारलेला असतो. मालकाची परवानगी घेऊन तळाजवळ, न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा बोळा फिरवा. रंग कापसावर आला तर प्रश्न संपला. सोनेरी वर्ख असलेल्या जागी मात्र हे अजिबात करू नका, अस्सल वर्खही निघू शकतो.

आता तळ. भांडे सपाट जागी कागदावर ठेवा आणि एका बाजूने टॉर्च मारा. जिथे खालून उजेड येत नाही तिथेच ते टेकते, आणि झीज तिथेच हवी. वर्षानुवर्षांचे ओरखडे बारीक, निरनिराळ्या खोलीचे आणि सगळ्या दिशांनी गेलेले असतात. पॉलिश पेपरने केलेली बनावट झीज समांतर रेघांची असते, आणि बरेचदा टेबलाला कधीच न लागणाऱ्या खोलगट भागातही दिसते. ओरखडे अजिबात नसतील तर कारण विचारा. कपाटात जपलेली वस्तू अशी असू शकते, पण तेवढेच उत्तर पुरेसे नाही.

काठही बोटाने तपासा. नक्षी काठापाशी अचानक कापली गेली असेल, फुलाचे अर्धे डोके गायब असेल तर फुटलेला काठ घासून खाली आणलेला असतो. वस्तू अस्सल असली तरी किंमत बरीच उतरते. फुलदाणीच्या तळाला वायरसाठी भोक पाडून दिवा केला असेल तरी तेच.

एवढे झाल्यावर सही. थर चढवून कोरलेल्या भांड्यावर सही नक्षीसोबतच त्याच लेपाखाली राखलेली असते. त्यामुळे ती वरच्या थराच्या रंगाची आणि नक्षीसारखीच उठावदार हवी. डोळे मिटून नख फिरवा. नक्षी उठावाची आणि सही खड्ड्यात, पांढुरकी, कडेला बारीक टवके उडालेली असेल तर ती फिरत्या यंत्राने मागाहून घातली असण्याची शक्यता मोठी. गालेंच्या सुरुवातीच्या काळातल्या मीनाकाम (एनॅमल) केलेल्या भांड्यांवर मात्र कोरलेल्या किंवा रंगवलेल्या सह्या असतात. तिथे हा नियम लावू नका.

सहीआधी छोटा तारा असेल तर ती गालेंच्या मृत्यूनंतरच्या काही वर्षांची खूण. तारा नाही म्हणून वस्तू 1904 पूर्वीची, असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. ते खोटे आहे. ताऱ्याचा वापर थांबल्यावरही कारखाना चालूच होता.

सर्वांत जास्त फसवतात त्या रोमानियात बनलेल्या नकला. खरे थर, खरे आम्लकाम, उठावाची सही. त्यांवर ‘गाले’ शब्दाजवळ टी, आय, पी ही तीन रोमन अक्षरे असतात. रोमानियन भाषेत त्याचा अर्थ ‘त्या पद्धतीचे’. बनवणाऱ्याने काही लपवलेले नसते, पुढचा कोणीतरी ती अक्षरे घासून टाकतो. सहीच्या आजूबाजूला टॉर्च अगदी तिरपी धरा. घासलेली जागा किंचित खोलगट, शेजारच्या भागापेक्षा वेगळ्या चकाकीची दिसते. सही एका बाजूला सरकलेली आणि शेजारी अकारण मोकळी जागा, ही रचनाही तेच सुचवते.

घ्यायचे ठरलेच तर पावतीवर ‘गाले कारखान्यात बनलेली, 1940 पूर्वीची’ असे लिहून घ्या आणि ती नक्कल निघाली तर पैसे परत, हेही. ‘गाले पद्धतीची’ किंवा ‘गाले सही असलेली’ एवढेच लिहायला विक्रेता तयार असेल, तर नकलेचीच किंमत द्या.