गोगाबाबाची टेकडी: अर्ध्या दिवसाचा फेरा

ज्या वाटेनं चढलो त्याच वाटेनं उतरायचा मला भारी कंटाळा. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठामागची गोगाबाबाची टेकडी मी एका अंगानं चढतो, दुसऱ्या अंगानं उतरतो आणि शेवटी औरंगाबाद लेण्यांकडे वळतो.

दिवस ठरवायचा तो ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला. उजाडताच निघा, दहाच्या आत खाली या. वर सावली जवळपास नाहीच. माणशी 2 लिटर पाणी. शिदोरीला धपाटे न् शेंगदाण्याची चटणी. दही नेऊ नका, एकदा माझी अख्खी पिशवी माखली.

पावसाळा सरला की गवताला कुसळं धरतात. ती मोज्यात आडवी शिरतात, ओढली की टोक आतच मोडतं. मी फुलपँट मोज्यात खोचतो, तरी दोनचार घरी येतातच. चढताना मुरूम त्रास देत नाही, उतरताना देतो. पाय तिरपा टाका, घाई नको. उतरायची वाट वरून नीट दिसत नसेल तर सरळ आल्या वाटेनं फिरा.

लेण्यांचे बघण्याजोगे मुख्य गट दोन, मध्ये साधारण किलोमीटरभर अंतर. दम उरला नसेल तर पूर्वेकडचं 7 नंबरचं तेवढं बघा. गाभाऱ्यात नर्तकी आणि तिच्याभोवती वाजवणाऱ्या बायका कोरल्यात. कुठं आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरड काही नको.

निघायच्या आधी घरी सांगून ठेवा, कुठून उतरणार ते.