क्यूजीआयएसमध्ये पायथन चालवण्यापूर्वी

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथन स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी माहितीची प्रत करून ठेवावी. बाकीचे सगळे यानंतर, कारण मागच्या खेपेस मी बाकी सारी तयारी केली आणि नेमकी हीच गोष्ट राहिली. गावांची नावे दुरुस्त करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी स्तंभ नावाने न शोधता त्याचा क्रमांक २ लिहून टाकला होता. शेपफाइल या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकारावर ते बिनचूक चालले. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात मात्र शून्य क्रमांक ‘एफआयडी’ हा ओळींच्या ओळखक्रमांकांचा स्तंभ अडवून बसतो, त्यामुळे सगळे स्तंभ एकेक घर पुढे सरकले आणि गावोगाव फिरून नोंदवलेल्या गट क्रमांकांवर गावांची नावे लिहिली गेली. शिवाय बदल मी थेट डेटा प्रोव्हायडरमार्फत, म्हणजे फाइलमध्ये लिहिणाऱ्या भागामार्फत, केले होते. ते त्याच क्षणी फाइलमध्ये उतरतात आणि त्यांना ‘अनडू’ नसतो. तेव्हा स्तंभ नावानेच शोधावा, लेअर (नकाशातील माहितीचा थर) आधी संपादनासाठी उघडावा, बदल त्याच्यामार्फत करावेत, निकाल पाहावा आणि मगच ते कायम करावेत. आणि हे सगळे प्रतीवर करावे.

शेपफाइलची प्रत करणे म्हणजे एकटी ‘एसएचपी’ फाइल उचलणे नव्हे, कारण तक्त्यातील माहिती सोबतच्या ‘डीबीएफ’ फाइलमध्ये असते. जिओपॅकेजची प्रत क्यूजीआयएस बंद करून घ्यावी. ते चालू असताना ताजे बदल कधीकधी शेजारच्या ‘वॉल’ फाइलमध्येच राहिलेले असतात.

क्यूजीआयएसची आवृत्ती पाहावी. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या ३.० पासून पायथन ३ आहे. त्याआधीच्या स्क्रिप्ट जशाच्या तशा चालत नाहीत, उगाच हट्ट धरू नये. विंडोजवर जादा लायब्ररी क्यूजीआयएससोबत येणाऱ्या ओएसजीओफोरडब्ल्यू शेल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतूनच बसवावी, कारण संगणकावर वेगळे असलेले पायथन क्यूजीआयएस वापरतच नाही.

अंतर मोजायचे असेल तर निर्देशांक प्रणाली तपासावी. अक्षांश-रेखांशातील लेअरवर ५०० चा बफर (भोवतालचा पट्टा) मागितला, तर तो मीटरचा नव्हे, अंशांचा होतो. पुण्यासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीचा ४३ उत्तर हा विभाग घ्यावा. नागपूर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेस असल्याने तेथे ४४ उत्तर लागतो.

शेपफाइलमध्ये स्तंभाचे नाव १० बाइटांपुरतेच असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट खाते. म्हणजे ‘गाव’ मावते, ‘तालुका’ मावत नाही.

प्लगइन (क्यूजीआयएसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) करायचे असेल तर त्याची ओळख देणारी मेटाडेटा फाइल हवी, ते सुरू करून देणारे ‘क्लास फॅक्टरी’ फंक्शन हवे, आणि प्लगइन बंद करताना आपले बटण काढून टाकणारा कोड हवा, नाहीतर पुन्हा लोड करताच बटणे दोन होतात. पुन्हा लोड करण्याचे काम ‘प्लगइन रीलोडर’ हे तयार प्लगइन सांभाळते.

आता ‘रन’ दाबण्याआधी ती प्रत एकदा उघडून तिच्यातील ओळी मोजाव्यात.