कॅमेऱ्याला निम्मे, बाकीच्याला निम्मे

बेळगावच्या शहापूरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल मराठीत आणि कन्नडात जुळवून देणं हा धंदा. फोटो काढणं हा रविवारचा नाद. पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेली पोरं काउंटरला टेकून हमखास विचारतात, "अक्का, कॅमेरा कंचा घेऊ सांग की." मी उलट विचारते, "घरात कॉम्प्युटर कंचा हाय?" मग ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सगळे पैसे कॅमेऱ्यात घालायचं आधीच ठरलेलं असतं, आणि फोटो काढल्यावर ते बघायचे कशावर, ठेवायचे कुठं, हा विचार कुणी केलेला नसतो.

माझा हिशोब सरळ आहे. हातात ऐंशी हजार असतील तर कॅमेरा आणि लेन्स मिळून चाळीसात बसवा. उरलेल्यात कॉम्प्युटर, स्क्रीन, डिस्क आणि पावसाळ्यात सगळं कोरडं ठेवायचा डबा. घरी चांगला लॅपटॉप आधीच असेल तर वाचलेले पैसे लेन्सला द्या. बॉडीला, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याला, देऊ नका.

आधी काय काढायचंय ते ठरवा

कॅनन की निकॉन हा तंटा चहाच्या गाड्यावर ठीक आहे. खरा प्रश्न तुम्ही कॅमेरा घेऊन कुठं जाणार हा आहे. आपल्या भागात साधारण चार वाटा दिसतात आणि प्रत्येकीची लेन्स वेगळी.

पहिली वाट देवळांची. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. आत छतावर दगडात कोरलेलं मोठं कमळ आहे, आणि अंधारही तेवढाच. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, देगावचं कमलनारायण, सगळीकडं हीच गत: बाहेर ऊन रणरणतं आणि आत डोळे फाडून बघावं लागतं. इथं कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलीमीटरची लेन्स रुंद टोकाला, म्हणजे १८ वर, चालते. वस्तू हलत नाही, त्यामुळं शटर सावकाश ठेवता येतं. लेन्समध्ये किंवा बॉडीत कंपन रोखायची सोय असेल तर हातात धरूनही काम होतं. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याच्या जागी आधी परवानगी विचारा. पिशवीतून काढून उभा केल्यावर वाद घालण्यात सकाळ जाते.

दुसरी वाट मिरवणुकांची, आणि बेळगावकराला ही टाळता येत नाही. शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात, गणपती विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडं पहाटेपर्यंत गर्दी असते. इथं माणसं हलतात, उजेड कमी आणि रंगीबेरंगी. १८-५५ लेन्स लांब टोकाला, म्हणजे ५५ वर, एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). साधी ५० मिलीमीटरची एफ/१.८ लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहापट उजेड आत घेते, आणि लेन्सांच्या बाजारात ती सगळ्यात स्वस्तातली. दुसरी लेन्स एकच घ्यायची झाली तर हीच घ्या. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रस्त्यावरचे आणि मंडपातले स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. दुसरी गोष्ट महत्त्वाची: डीजेच्या गाडीवरचा लेझर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, जळतो. कायमची रेघ उमटते, आणि दुरुस्ती म्हणजे सेन्सर बदलणं. लेझर चालू असताना कॅमेरा त्या दिशेला धरायचाच नाही. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, सेन्सर सतत उघडा असतो म्हणून तिथं धोका जास्त, आणि मोबाईलही त्यातून सुटत नाही.

तिसरी वाट पाखरांची. येळ्ळूरच्या भाताच्या शेतात बगळे-टिटव्या, जांबोटी-भीमगडच्या रानात धनेश. इथं ३०० मिलीमीटरच्या खाली जीव रमत नाही. लहान सेन्सरचा इथं फायदाच होतो. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर ३००ची लेन्स निकॉन-सोनीत ४५० सारखी, कॅननवर ४८० सारखी दिसते. फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, मागं लागलेल्या पाखरूवेड्यांना मी हे आवर्जून सांगते. ७०-३०० किंवा कॅननची ५५-२५० जुन्या बाजारात भरपूर मिळते.

चौथी वाट पावसाची. चोर्ला घाटातले बेडूक, गोकाकचा धबधबा. बेडकांना मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची, लेन्स लागते. ती महाग, म्हणून सुरुवातीला ५०च्या लेन्समागं एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे लेन्स पुढं सरकवणारी पोकळ नळी, लावून बघा. धबधब्याला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) आणि ट्रायपॉड. बस्स.

या चारपैकी एकही वाट अजून पक्की नसेल तर कॅमेराच घेऊ नका. मोबाईलवर काढा आणि काही महिन्यांनी गॅलरी उघडून बघा. कशाचे फोटो जास्त आहेत, ते तिथं आपोआप कळतं.

जुना घ्यायचा तर

कंपन्यांचा जोर आता मिररलेसवर आहे, म्हणून बरे डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे, लोक स्वस्तात काढतात. शिकणाऱ्यासाठी ही पर्वणी. कोल्हापूर, हुबळी, बेळगाव, कुठंही घ्या, पण हातात घेऊन बघून घ्या. कुरिअरने मागवू नका.

बघायचं ते असं. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तशी लेन्स फुकट दिली तरी घरातल्या दुसऱ्या लेन्सांशेजारी ठेवू नका. धुळीचे दोन-चार कण असले तर हरकत नाही. मग शटर किती वेळा उडालंय ते बघा. निकॉनने काढलेल्या फोटोच्या माहितीतच तो आकडा लिहिलेला असतो. फोटो पेन ड्राइव्हवर घ्या, फोटोची माहिती वाचणाऱ्या एक्झिफटूल सॉफ्टवेअरने उघडा, लगेच दिसतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो फोटोत नसतो, वेगळं सॉफ्टवेअर लावून काढावा लागतो. निकॉन डी५६००चं शटर कंपनीने एक लाखापर्यंत तपासलेलं, डी७२००चं दीड लाखापर्यंत. त्यापुढंही चालतं, पण भाव त्या हिशोबाने पाडा. लग्नाच्या स्टुडिओतून आलेली बॉडी असेल तर हा आकडा बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

निकॉनमध्ये एक गोम आहे. डी३०००, डी५००० या घराण्यातल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी एएफ-डी लेन्स बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. उलट नवी एएफ-पी लेन्स डी९०, डी७००० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही. म्हणून निकॉन घेताना बॉडी आणि लेन्स दुकानातच जोडून, फोकस करून बघा. कॅननच्या ईएफ, म्हणजे डीएसएलआरच्या, लेन्सांना ही कटकट नाही. पुढं कॅननचाच मिररलेस घेतलात तर अडॅप्टर लावून त्या नीट चालतात.

नवा घेणार असाल तर जीएसटीचं बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी मागा. "बिलाशिवाय चार हजार कमी लावतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

डबा

हा भाग कॅमेऱ्याच्या दुकानात कुणी सांगत नाही, आणि आपल्याकडं तोच सगळ्यात गरजेचा. जून ते सप्टेंबर खानापूर, कणकुंबी पट्ट्यात भिंतींना ओल येते, तर बंद पिशवीतल्या लेन्सला बुरशी यायला किती वेळ लागणार? पावसाळ्यात कॅमेरा कपाटातल्या कापडी बॅगेत ठेवायचा नाही.

ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम, विजेवर चालतं. नसेल तर स्वयंपाकघरात असतो तसा रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. फार कोरडंही बरं नव्हे, आतलं वंगण आणि रबर खराब होतं. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, नारिंगीचं हिरवं झालं की ओल भरली. मग ते ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा कोरडं करायचं. निळं मिळतं त्यात कोबाल्ट असतं, ते खायच्या भांड्यांजवळ नेऊ नका. तांदळात कॅमेरा पुरणारेही भेटतात. तांदळाची भुकटी आत गेली की सर्व्हिसिंगचा खर्च डब्याच्या कितीतरी पट.

आणखी साधी गोष्ट: कॅमेरा वापरात ठेवा. उजेड-वारा लागलेल्या लेन्सला बुरशी उशिरा धरते. आणि एसी गाडीतून घाटातल्या धुक्यात उतरलात तर बॅग लगेच उघडू नका, काचेवर बाष्प धरतं.

कॉम्प्युटर: आधी स्क्रीन बघा

इथं मी धंद्यातलं बोलते. माझ्याकडं प्रिंटच्या तक्रारी येतात त्यात निम्म्या स्क्रीनच्या असतात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं. याचा अर्थ तो एसआरजीबीतले, म्हणजे फोटोसाठी नेहमी वापरतात त्या रंगांच्या संचातले, साठेक टक्केच रंग दाखवतो. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल त्यावर मेलेलाच दिसणार. मग तुम्ही रंग वाढवत नेता, आणि प्रिंटमध्ये नवरीचं तोंड टोमॅटोसारखं येतं. म्हणून आयपीएस पॅनल आणि शंभर टक्के एसआरजीबी हे दोन शब्द बघूनच स्क्रीन घ्या. लॅपटॉपमध्ये ते बजेटात बसत नसेल तर साधा कॉम्प्युटर घ्या आणि तो सुटा मॉनिटर लावा. स्क्रीनचा उजेडही कमी करा. दुकानात झगमगण्यासाठी तो पूर्ण वाढवून ठेवलेला असतो, आणि तसाच ठेवून फोटो उजळवलात तर प्रिंट काळपट येते.

बाकी यंत्राचं थोडक्यात. रॅम १६ जीबी, डिस्क एसएसडीच, निदान ५१२ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी अडत नाही. अंधारातल्या फोटोतला दाणा (रवाळ ठिपके) एआयने घालवायची हौस असेल तरच त्याची किंमत वसूल होते. कंपन्यांतून निघालेले जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड लॅपटॉप चांगले असतात, फक्त प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. त्याआधीच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरी त्याहून जुनं यंत्र पडून असेल तर लिनक्स मिंट घालून बघा. करंट जाण्या-येण्याचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

सॉफ्टवेअर

'क्रॅक मारून देतो' म्हणणारा पोरगा प्रत्येक गल्लीत आहे. त्याला घरात घेऊ नका. त्या क्रॅकसोबत व्हायरस आला तर सगळ्या फायली कुलूपबंद होतात. आणि त्याची गरजही नाही. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ कंपनी फुकट देते. त्या त्या कॅमेऱ्याचा रंग कॅमेऱ्यात दिसतो तसाच त्यात येतो. सुरुवात तिथून करा. हात बसला की डार्कटेबल घ्या. तेही फुकट, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं. पहिल्यांदा उघडल्यावर बटणांचं जंगल दिसतं, घाबरू नका. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स आणि क्रॉप एवढ्यावर बरेच महिने निघतात. डार्कटेबल मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही केलेले बदल शेजारी छोट्या एक्सएमपी फायलीत लिहून ठेवतं, म्हणून फोटोबरोबर ती फाईलही जपायची.

लाइटरूम सोपं आहे, यात वाद नाही. पण भाडं दर महिन्याचं. हौशी माणसाने वर्षाचं भाडं आणि ५०ची लेन्स यांच्या किमती शेजारी मांडून मग ठरवावं.

फोटो शोधायला डिजिकॅम. त्यात मराठीत टॅग घालता येतात: 'हलशी', 'आजी', 'पेरणी'. मात्र टॅग युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फोल्डरच्या नावात आधी तारीख, मग गाव: '2025-05-04 येळ्ळूर'. तारीख अशी इंग्रजी आकड्यांत दिलीत तर लावणी कुठंच बिघडत नाही.

साठवण आणि छपाई

२४ मेगापिक्सेलची एक रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाईल, पंचवीस-तीस एमबीची. ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास बसतात. कार्डावर वेगाची व्ही३० ही खूण बघा, आणि घेतल्याबरोबर ते पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ हे काम करतात. ६४ लिहिलेलं कार्ड आतून आठ जीबीचं निघालं तर दुकानदाराकडं त्याच दिवशी परत जाता येतं.

फोटो तीन ठिकाणी हवेत: कॉम्प्युटरवर, घरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरात. माहेरी, भावाकडं, कुठंही, पण त्याच कपाटात नको. अधूनमधून त्या तिसऱ्या डिस्कवरचा एखादा फोटो खरंच उघडतोय का ते बघा.

छपाईला देताना तीनशे डीपीआयचा, म्हणजे इंचाला तीनशे ठिपक्यांचा, हिशोब धरा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा, म्हणजे वीस बाय तेरा इंचापर्यंत आरामात निघतो. फोटो लॅबला फाईल एसआरजीबीत जेपेग करून द्या. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची पद्धत, माझ्यासारख्या ऑफसेटवाल्यांसाठी असतं, कुणी शहाणपणाने सांगितलं तरी लॅबला ते देऊ नका. 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' असं ऑर्डरवर लिहायला सांगा, आणि मोठी प्रिंट मागवण्याआधी त्याच फोटोची एक ४ बाय ६ काढून घरच्या स्क्रीनशेजारी धरून बघा.