ब्यूनस आयर्सचे मालबा संग्रहालय कसे पाहावे

अर्जेंटिनाच्या राजधानीत कलासंग्रहालये पुष्कळ आहेत, पण ज्यांच्या हाताशी कलेसाठी एकच दिवस आहे त्यांनी तो पालेर्मो भागातील मालबाला द्यावा. 'म्युझेओ दे आर्ते लातिनोअमेरिकानो दे ब्यूनस आयर्स' या लांबलचक नावाचे हे लघुरूप असून शहरात सगळे याच नावाने त्याला ओळखतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजपर्यंतची मेक्सिको, ब्राझील, क्युबा, उरुग्वे, अर्जेंटिना आदी देशांतील कला इथे एका छपराखाली पाहायला मिळते. शिवाय संग्रहालय आटोपशीर आहे. युरोपातील अवाढव्य संग्रहालयांत पाय दुखेपर्यंत चालून शेवटी काहीच लक्षात राहत नाही, तसे इथे होत नाही. मात्र आटोपशीर आहे म्हणून तासाभरात उरकण्याची चूक करू नये.

एदुआर्दो कोस्तांतिनी या उद्योजकाने स्वतः जमवलेल्या दोनशेहून अधिक कलाकृती देऊन सप्टेंबर २००१ मध्ये हे संग्रहालय सुरू केले. त्यानंतर तीनच महिन्यांनी देशाची अर्थव्यवस्था कोसळली, बँकांतील ठेवी गोठवल्या गेल्या आणि लोक रस्त्यावर उतरले. अशा काळात एक खासगी संग्रहालय तग धरून राहिले, ही गोष्ट शहरातील लोक आजही कौतुकाने सांगतात.

आधी दिवस ठरवावा. मंगळवारी संग्रहालय बंद असते. बुधवारी तिकीट सवलतीत मिळते आणि त्यामुळे गर्दीही होते. विद्यार्थ्यांनी किंवा काटकसरीने प्रवास करणाऱ्यांनी बुधवार साधावा. इतरांनी गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास, दार उघडताच पोहोचावे हे उत्तम. या शहरात जेवण उशिरा होते आणि संध्याकाळ तर त्याहून उशिरा सुरू होते, म्हणून दुपारचे पहिले दोन तास दालने बहुधा शांत असतात. तिकिटाचा दर इथे मुद्दामच देत नाही, कारण अर्जेंटिनातील महागाईमुळे पेसोमधील कोणताही छापील आकडा काही महिन्यांत निरुपयोगी ठरतो. आदल्या दिवशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दर, वेळ आणि चालू प्रदर्शने पाहून घ्यावीत. भारतातून जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे की तिथले ऋतू आपल्या उलट आहेत. जानेवारीत तिथे कडक उन्हाळा असतो आणि नोव्हेंबरात जॅकरांडाची जांभळी फुले बहरतात. हिंडण्यासाठी मला तोच काळ सर्वांत चांगला वाटतो.

संग्रहालय फिगेरोआ अल्कोर्ता या रुंद रस्त्यावर, ३४१५ क्रमांकाच्या जागेत आहे. भुयारी रेल्वे थेट दारापर्यंत जात नाही. 'दी' मार्गावरील बुल्नेस किंवा स्कालाब्रिनी ओर्तिस स्थानकावर उतरून साधारण वीस मिनिटे चालावे लागते. बसने अधिक जवळ उतरता येते, पण बससाठी 'सुबे' नावाचे कार्ड आधी घेऊन त्यात पैसे भरून ठेवावेत. परिसर हिरवागार आणि चालण्याजोगा आहे. थोडे आधी निघालात तर वाटेत 'फ्लोरालिस जेनेरिका' पाहून घ्यावे. एदुआर्दो कातालानो या वास्तुशिल्पीने २००२ मध्ये शहराला दिलेले पोलाद आणि अॅल्युमिनियमचे हे भव्य फूल दिवसा पाकळ्या उघडते आणि रात्री मिटते, निदान यंत्रणा सुरळीत असेल तेव्हा.

आत शिरल्यावर पाठीवरची पिशवी 'ग्वार्दारोपा'त, म्हणजे सामान ठेवण्याच्या खोलीत, द्यावी लागते. त्यामुळे चष्मा, वही आणि पेन्सिल आधीच बाहेर काढून ठेवावी. छायाचित्रे घेताना फ्लॅश पूर्ण बंद ठेवावा आणि फिरत्या प्रदर्शनांत छायाचित्रणाला मनाई असू शकते, म्हणून तिथे आधी विचारून घ्यावे. मग लगेच चित्रांकडे न धावता मधल्या उंच, उजेडाने भरलेल्या चौकात थोडे थांबावे. १९९७ मध्ये घेतलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून निवडलेल्या आतेलमान, फुर्कादे आणि तापिया या तीन तरुण वास्तुरचनाकारांनी ही इमारत रचली. इथेच पाब्लो रेइनोसो या शिल्पकाराचा बाकही शोधावा. त्याच्या लाकडी पट्ट्या बसायची जागा सोडून वेलींसारख्या वळत वाढत जातात. लहान मुले सोबत असतील तर त्यांना हीच कलाकृती सर्वांत आवडते, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य भाग. बहुतेक लोक जाहिरात पाहून फिरत्या प्रदर्शनाकडे वळतात आणि थकल्यावर कायमच्या संग्रहाकडे येतात. हा क्रम उलटा करावा. कायमचा संग्रह ताज्या डोळ्यांनी पाहावा आणि त्यातही सगळ्या चित्रांपुढे सारखा वेळ न घालवता पाच-सहा कृती निवडून त्यांच्यापुढे खरोखर थांबावे. माझी निवड पुढे देतो. मात्र इथली चित्रे जगभर उसनी जातात आणि दालनांची मांडणीही अधूनमधून बदलते, म्हणून आत शिरतानाच चौकशी करावी. 'एस्ता एन साला आबापोरू?' म्हणजे 'आबापोरू' हे चित्र दालनात आहे का, एवढे स्पॅनिश त्यासाठी पुरते.

तार्सिला दो आमाराल या ब्राझीलच्या चित्रकर्तीचे 'आबापोरू' (१९२८) इथले सर्वांत प्रसिद्ध चित्र. प्रचंड पाऊल, इवलेसे डोके, शेजारी निवडुंग आणि वर सूर्य. चित्र अपेक्षेपेक्षा लहान आहे, जेमतेम ८५ सेंटीमीटर उंच. तार्सिलाने ते आपले पती, कवी ओस्वाल्द दे आंद्रादे यांना वाढदिवसाची भेट म्हणून दिले आणि त्यातूनच त्यांना 'नरभक्षक जाहीरनामा' सुचला. युरोपीय संस्कृतीची नक्कल करायची नाही, तिला नाकारायचेही नाही, तर ती खाऊन, पचवून तिच्यातून आपले काही घडवायचे, हा त्याचा गाभा. कोस्तांतिनींनी हे चित्र १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विकत घेतले आणि ब्राझीलची ही ठेव अर्जेंटिनात का, अशी खंत अनेक ब्राझीलवासी आजही बोलून दाखवतात. हा पचवण्याचा विचार मनात ठेवून पुढची दालने पाहावीत. त्याच्या प्रकाशात संग्रहातील बहुतेक कृतींचा एकमेकींशी संबंध लागतो.

उदाहरणार्थ, दिएगो रिवेराचे रामोन गोमेस दे ला सेर्ना यांचे व्यक्तिचित्र (१९१५). ज्यांना रिवेरा म्हणजे मेक्सिकोतील भव्य भित्तिचित्रे एवढेच माहीत आहे, त्यांना हे घनवादी, म्हणजे आकार तुकड्यातुकड्यांत मोडून दाखवणारे, चित्र पाहून धक्काच बसतो, कारण इथे तो युरोपात राहून युरोपाचीच भाषा गिरवताना दिसतो. ज्या स्पॅनिश लेखकाचे हे चित्र आहे, तो यादवी युद्धाच्या वेळी देश सोडून ब्यूनस आयर्सला आला आणि इथेच वारला. त्यापुढे विफ्रेदो लाम या क्युबन चित्रकाराचे 'ला मान्याना वेर्दे' (१९४३) पाहावे. चिनी वडील आणि आफ्रिकी वंशाची आई यांचा हा मुलगा अनेक वर्षे युरोपात राहून मायदेशी परतला आणि पिकासोकडून शिकलेले सारे त्याने क्युबाच्या झाडाझुडपांत व आफ्रिकी देवदेवतांत मिसळून टाकले.

अर्जेंटिनाच्या अंतोनियो बेर्नीसाठी मात्र सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. त्याचे 'मानिफेस्तासियोन' (१९३४) हे अडीच मीटर रुंदीचे चित्र मंदीच्या काळातील बेकारांच्या मोर्चाचे आहे. पाठीमागे 'भाकरी आणि काम' मागणारा फलक आहे, पण बेर्नीने घोषणांपेक्षा चेहऱ्यांवर भर दिला आहे. प्रत्येक चेहरा वेगळा, प्रत्येकाची नजर वेगळीकडे. हे चित्र कॅनव्हासवर नसून गोणपाटावर काढले आहे. जवळ गेल्यास त्याची जाडीभरडी वीण दिसते आणि विषयाला साजेसा पृष्ठभाग चित्रकाराने का निवडला ते न सांगता कळते. नंतर त्याचीच 'ला ग्रान तेन्तासियोन' (१९६२) ही कृती पाहावी. तोवर बेर्नी रंगांबरोबर पत्रा, लाकूड, पुठ्ठा आणि टाकाऊ वस्तू चिकटवू लागला होता. रामोना मोंतिएल या त्याने कल्पिलेल्या नायिकेची, चैनीच्या स्वप्नांना भुललेल्या शहरी स्त्रीची, ही गोष्ट आहे. याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला मुद्राचित्रांसाठी, म्हणजे ठशांवरून छापलेल्या चित्रांसाठी, मोठा पुरस्कार मिळाला. दोन्ही कृतींमध्ये अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे आणि समकालीन कला म्हणजे नेमके काय बदलले, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा या दोन कृती आलटून पालटून पाहिल्याने लवकर समजते.

मेक्सिकोची चित्रकर्ती फ्रिदा काहलो हिचे माकड आणि पोपटासह काढलेले आत्मचित्र (१९४२) शोधावे लागत नाही. त्याच्यापुढे घोळका असतोच. तिचेच 'दिएगो इ यो' (१९४९) कोस्तांतिनींनी २०२१ मध्ये ३४.९ दशलक्ष डॉलरना घेतले, तेव्हा लॅटिन अमेरिकन कलाकाराच्या कृतीला लिलावात मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. किमतीमुळे होणारी गर्दी ओसरेपर्यंत शेजारची चित्रे पाहावीत आणि मग परत यावे.

हे सारे पाहून झाल्यावर उपाहारगृहात अर्धा तास बसावे आणि त्यानंतरच फिरत्या प्रदर्शनाकडे जावे. शाकाहारींनी बाहेर खाणार असल्यास चीज-कांद्याची किंवा मक्याची एम्पानादा (करंजीसारखा सारण भरलेला पदार्थ) मागावी. या शहरात मांसाचे प्रस्थ फार असले तरी एवढे जवळपास सर्वत्र मिळते. संग्रहालयाचे स्वतःचे चित्रपटगृह आहे, त्याचे तिकीट वेगळे घ्यावे लागते.

दुसरा दिवस मोकळा असेल आणि संग्रहातील शूल सोलार या अर्जेंटिनाच्या चित्रकाराची छोटी, चिन्हांनी भरलेली जलरंगचित्रे आवडली असतील, तर लाप्रिदा रस्त्यावरील १२१२ क्रमांकाच्या त्याच्या घरातील संग्रहालयात जावे. अधिक नवीन कलेची ओढ असलेल्यांनी रविवारी सान तेल्मो गाठावे. सान हुआन रस्त्यावर १९५६ मध्ये स्थापन झालेले आधुनिक कलेचे संग्रहालय जुन्या तंबाखू कंपनीच्या विटांच्या इमारतीत आहे आणि त्याला लागूनच २०१२ मध्ये सुरू झालेले, भौमितिक अमूर्त कलेवर भर देणारे माक्बा हे समकालीन कलेचे संग्रहालय आहे. त्याच दिवशी देफेन्सा रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्यामुळे संग्रहालये आधी पाहून घ्यावीत आणि बाजारात नंतर शिरावे.