१५ हजारांत घरचा स्टुडिओ: काय घ्यायचं, काय खोडायचं

परवा भाच्याने व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली. दोन मॉनिटर स्पीकर, ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा), कंडेन्सर माइक, त्याचा स्टँड, भिंतीला लावायचा फोम आणि रंगीत दिवे लागणारं, बोटांनी ठोके वाजवायचं पॅड कंट्रोलर. खाली बेरीज ८४,३००. त्याखाली, "मामा, आईशी तू बोलशील का?" पोरगा पथकात ताशा वाजवतो, हात चांगला आहे, आणि आता त्याला स्वतःचे इलेक्ट्रॉनिक ट्रॅक करायचेत. आईशी मी काही बोललो नाही. यादी घेऊन खोडत बसलो. उरलं ते साधारण १५ हजारांचं, तेही एका फटक्यात घ्यायचं नाही असं. ते काय उरलं आणि बाकीचं का खोडलं, ते सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे म्हणून लिहून काढतो. घरात एक लॅपटॉप आहे हे गृहीत धरलंय. तोही नसेल तर फोनवर नाहीतर ब्राउझरमध्ये चालणारं फुकटचं बँडलॅब हे ट्रॅक रचायचं अॅप उघडा आणि त्यावर महिनाभर खेळा, मग बोलू.

लॅपटॉप नवा नको. ८ जीबी रॅम असली की भागतं. पण जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च तिथे: एसएसडी. माझी २,२०० ला पडली, आणि जो लॅपटॉप भंगारात द्यायला निघालो होतो त्यावर पुढची चार वर्षं काढली. मागचं झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळही काढून घ्या. तापलेला लॅपटॉप वेग कमी करतो, आणि ट्रॅक ऐन रंगात आला की आवाज फुटायला लागतो. विंडोजची पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा, काम करताना वायफाय बंद. डिस्कवर ३०-४० जीबी मोकळी हवीच.

ट्रॅक रचायच्या सॉफ्टवेअरवर पहिल्या वर्षी एक रुपयाही खर्च करू नका. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे आणि ते जुन्या मशिनवरही पळतं. फक्त त्यात वाद्यं जवळजवळ नाहीतच, ती बाहेरून आणावी लागतात. एलएमएमएस पूर्ण फुकट आणि मुक्त स्रोताचं. ठेके-सूर रचायला मस्त, गाणं रेकॉर्ड करायला मात्र ते नाही. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती बऱ्याच जणांना फसवते: प्रोजेक्ट जतन होतो, पण विकत घेईपर्यंत परत उघडत नाही. रात्रभर बसून केलेलं सकाळी कुलुपात. हे ठाऊक ठेवून वापरा. क्रॅकच्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या प्रतीच्या, वाटेला जाऊ नका. नीतिमत्तेचं प्रवचन देत नाही. मित्राच्या पेन ड्राइव्हमधून आणलेल्या क्रॅकने माझे अकरा ट्रॅक खाल्ले, त्यात बहिणीच्या लग्नासाठी केलेला एक होता.

आता कान. पैसे खर्च करायचेच तर इथे. वायरचा, बंद कपाचा, स्टुडिओसाठी म्हणून बनवलेला हेडफोन चार ते सहा हजारांत मिळतो. ऑडिओ-टेक्निकाचा एम-२०एक्स त्यातला बऱ्याच जणांचा पहिला. 'एक्स्ट्रा बास' लिहिलेला घेऊ नका. तो तुम्हाला खोटं सांगतो, तुम्ही ट्रॅकमधला बास कमी करता, आणि तोच ट्रॅक दुसरीकडे लावला की किरकिरीत वाजतो. ब्लूटूथ तर वाजवण्यासाठी बादच. १२० च्या लयीत एका मात्रेचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा होतो, आणि ब्लूटूथवर आवाज यायलाच साधारण १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे काडी आत्ता मारली आणि ताशा पुढच्या पाव मात्रेला वाजला. ताशेवाल्याला हे सांगावं लागू नये. हेडफोन आला की नवं काही करायच्या आधी आठवडाभर त्यावर ओळखीची गाणी ऐका. किक (ड्रमचा खालचा दणका) कुठे बसलीय, तिच्याखाली बास किती आहे, आवाज डावी-उजवीकडे कसे पसरलेत. त्याच कानाने मग स्वतःचं तपासायचं असतं.

वायर लावली तरी उशीर संपत नाही, कारण कॉम्प्युटर आवाजाचे नमुने गठ्ठ्याने पाठवतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे जेमतेम ३. प्रत्यक्षात वाटेत आणखी थोडी भर पडते. वाजवताना बफर लहान ठेवा, मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवताना, मोठा करा. वाजवताना लहान ठेवून आवाज तडतडला तर एक पायरी वर चढा. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ जातीचा, आवाजाचा उशीर कमी करणारा ड्रायव्हर लागतो. इंटरफेस नसेल तर एएसआयओफोरऑल नावाचा फुकटचा टाका. या एका गोष्टीपायी मी अनेकांना "आपला लॅपटॉप कामाचा नाही" म्हणून नवा घेताना पाहिलंय.

कीबोर्ड दुसऱ्या महिन्यात. तोवर लॅपटॉपच्याच कळांवर सूर वाजतात. जोर कमीजास्त कळत नाही एवढंच, तो नंतर माउसने भरायचा. महिनाभर त्यावर टिकलात तर २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, कॉम्प्युटरला सूर कळवणारा) घ्या, आठ पॅड असलेला. अकाईचा एमपीके मिनी किंवा त्या जातीचा. भाच्याला पट्ट्यांपेक्षा पॅडच जास्त लागणार आहेत. ४९ पट्ट्या दोन्ही हातांनी पेटी वाजवणाऱ्याला. नव्या कीबोर्डाबरोबर बहुतेकदा अॅबलटन लाइव्ह लाइट या ट्रॅक रचायच्या सॉफ्टवेअरचा कोड मिळतो, सॉफ्टवेअर आधी विकत घेऊ नका म्हणालो त्याचं हेही एक कारण. सेकंडहँडमध्ये तो कोड आधीच्या मालकाने वापरलेला असणार, तेवढे पैसे किमतीतून उतरवून मागा.

सेकंडहँड घ्यायला लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा किंवा ओएलएक्सवरून कुणाच्या घरी जा, स्वतःचा लॅपटॉप आणि केबल बरोबर न्या. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघा, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा, यूएसबीचं भोक हलतंय का पाहा. आणि निघण्याआधीच बनवणाऱ्याच्या साइटवर ड्रायव्हर शोधा. मी एकदा चकचकीत इंटरफेस अर्ध्या किमतीत आणला. घरी आल्यावर कळलं, त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ ला थांबलाय. अजून टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून.

वाद्यं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत वाजणारे सिंथेसायझर. इथे फुकटच्या जगात अक्षरशः लूट आहे. व्हायटलची साधी आवृत्ती, सर्ज एक्सटी, आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझरची नक्कल करणारं डेक्स्ड, तिन्हीला पैसे लागत नाहीत. तिन्ही उतरवा, पण सहा महिने एकच उघडा. मी व्हायटल सांगीन, कारण आवाजाचं काय होतंय ते त्यात डोळ्यांना दिसतं. तयार आवाज चाळत बसू नका. एक साधी सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी) लहर घ्या, आवाजाचा वरचा भाग कापणारा फिल्टर लावा, तो उघडझाप करा. यात एक रविवार जातो आणि तो सत्कारणी लागतो.

मींड हवी असेल तर व्हायटलमध्ये व्हॉइसेस १ वर आणा (एका वेळी एकच सूर), ग्लाइड (सुरावरून सुरावर घसरायचा वेळ) वाढवा आणि पियानो रोलमध्ये, म्हणजे सूर पट्ट्यांसारखे मांडायच्या चौकटीत, एक नोट पुढच्या नोटेवर थोडी चढेल अशी लांब ओढा. जिथे चढली तिथे सूर घसरत जाईल, जिथे मधे फट ठेवली तिथे सुटा लागेल. यमनचं नि-रे-ग असं काढून बघा: नि सुटा, रे वरून ग वर घसरत. सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलँडची ज्युपिटर-८ (सिंथेसायझर), टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र) आणि टीबी-३०३ (बासचं यंत्र) ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी फिरकलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा बाहेरचे लोक चक्रावले, कारण ३०३ मधून तसा आवाज काढणारं शिकागोचं अॅसिड हाउस हे नाचाचं संगीत १९८७ च्या आसपासचं. तसली यंत्रं आज लाखांत जातात. त्यांच्यासारखा आवाज देणारी फुकटची सॉफ्टवेअरं आणि ८०८ चे सुटे ठोके मात्र नेटवर कितीही.

ठेक्याची तयारी आपल्याकडच्या पोरांची निम्मी झालेलीच असते. स्टेप सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे खणाखणाने ठेका भरायच्या पट्टीत, १६ खण असतात. केरव्याच्या आठ मात्रा त्यात एकाआड एक बसतात: धा पहिल्या खणात, गे तिसऱ्यात, ना पाचव्यात, ती सातव्यात, मग ना नवव्यात, क अकराव्यात, धि तेराव्यात आणि ना पंधराव्यात. जिथे बाया (डग्गा) घुमतो तिथे किक ठेवा, म्हणजे १, ३ आणि १३. ना ला रिम (ड्रमच्या काठावरचा ठोका), ती ला हायहॅट (झांजेचा आवाज), क ला अगदी दबका ठोका. दोन मिनिटांत केरवा मशिनवर चढतो आणि कुणाच्या ट्यूटोरियलसारखा वाजत नाही. मग रूपक घ्या. तुकड्याची लांबी १४ खणांची करा आणि खाली १६ खणांची सरळ किक चालू ठेवा. दोन्ही सरकत राहतात आणि ११२ खणांनी, म्हणजे रूपकाच्या आठ आवर्तनांनी आणि किकच्या १६ खणांच्या सात फेऱ्यांनी, एका समेवर येतात. ऐकणाऱ्याला गणित कळत नाही, पण त्या समेला मान हलते. ताशाची तर्री (सलग झरझर ठोके) भरताना सगळे ठोके एकाच जोराचे ठेवू नका, नाहीतर शिलाई मशिन चालल्यासारखं वाटतं. आणि क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप नेमक्या जागी बसवणं, शंभर टक्के नको. तुमच्या हाताचा थोडा पुढेमागेपणा राहू द्या, तोच विकत मिळत नाही.

एक गोष्ट कुठल्याच यादीत नसते: अर्थिंग. हेडफोनमध्ये घुंऽऽ ऐकू येतंय? चार्जर काढून बघा. थांबलं तर दोष विजेच्या वाटेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि खालचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याखाली हा बोर्डातला तीव्र मध्यम, तोही किंचित चढा, अखंड लागलेला. तीव्र मध्यम लागणारा यमन असेल तरीही सुटका नाही, कारण लागलेला सूर बेसूर आहे. अर्थ नीट असलेलं तीन पिनांचं सॉकेट शोधा, सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावा, स्वस्तातला दोन पिनांचा अडॅप्टर बदला. घुंऽऽ जावी म्हणून अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं हा या छंदातला सगळ्यात फायद्याचा खर्च ठरू शकतो.

मॉनिटर स्पीकर खोडले. भाच्याची खोली दहा बाय दहा. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, आणि चौरस खोलीत दोन्ही बाजूंनी तोच आकडा. किकचा दणका नेमका तिथेच असतो. एका जागी किक धडकी भरवेल, दोन फूट सरकलात की गायब, आणि त्या भरवशावर मिक्स करणार? पातळ फोम याला काही करत नाही, अंड्यांचे ट्रे तर नाहीच नाही. गळ्याचं रेकॉर्डिंग करायचं असेल तेव्हा मागे जाड गोधड्या टांगा, पंखा बंद करा, कुकर होऊन जाऊ द्या. माइक आणि इंटरफेस गायक भेटेल तेव्हा. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती इंटरफेसमध्ये आहे ना एवढं बघून घ्या.

तोवर रेकॉर्डर खिशात आहेच. फोनवर बिनकॉम्प्रेशनचं, वेव्ह फाइल देणारं अॅप टाका आणि पत्र्यावरचा पाऊस, लोकलच्या दाराचा खडखडाट, खलबत्ता, जिन्यावरून घरंगळलेला स्टीलचा डबा, सगळं गोळा करा. खलबत्त्याचा ठोका चार सूर खाली उतरवला की काय किक होते ते बघाच. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवरून काही उतरवलं तर परवाना वाचा: सीसी-० (सगळे हक्क सोडलेला) असेल तर बिनधास्त, नावाची अट असेल तर नाव द्यायचं, 'नॉन-कमर्शियल' असेल तर पैसे मिळवायच्या ट्रॅकमध्ये नको. सिनेमाच्या गाण्याचा तुकडा उचलला तर रचनेचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा, आणि यूट्यूबचं यंत्र दोन्ही ओळखतं. घरी शिकायला उचला, अपलोड करू नका.

फोल्डर पहिल्याच दिवशी आखा. प्रत्येक ट्रॅकचा स्वतंत्र, नावात तारीख आणि लय: '२ मार्च, रूपक, ११०'. 'फायनल', 'फायनल २', 'खरा फायनल' ही नावं घरात बंद. २४ बिट स्टीरिओचं एक मिनिट १६ एमबी घेतं, त्यामुळे एका पेन ड्राइव्हवर वर्षभराचं काम मावतं. दर रविवारी उतरवून तो ड्राइव्ह कपाटात, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. आणि पहिल्या महिन्यात आठ ट्रॅक अर्धवट ठेवण्यापेक्षा एक मिनिटाचे चार पूर्ण करा, सुरुवात आणि शेवट असलेले.

एवढं सगळं भाच्याला पाठवलं. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं: "आणि रंगीत दिवे?" मखराची माळ माळ्यावर आहे, म्हटलं, अनंत चतुर्दशीनंतर घेऊन जा.