वर्सोवा-जुहूकडे समुद्राजवळ नवीन 'ग्रीन' बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेताना काय काय तपासायचं

आमची यारी रोडची जुनी चार मजली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हापासून दोन-अडीच वर्षं मी वर्सोवा, सात बंगला, जुहू या पट्ट्यातल्या नवीन बिल्डिंगा बघत फिरलोय, काही आमच्या कमिटीसाठी आणि काही नातेवाईकांसाठी. जवळपास प्रत्येक ब्रोशरवर हिरवं पान असतं आणि एनर्जी एफिशियंट असं लिहिलेलं असतं. वीज नक्की कशाने वाचणार असं विचारलं की सेल्स ऑफिसमधून उत्तर येतं, कॉमन एरियात एलईडी आणि गच्चीवर सोलर. दोन्ही चांगलंच आहे, पण तुमच्या घरातलं बिल त्याने ठरत नाही. ते ठरतं एसी रोज किती तास चालतो यावर, आणि एसी किती चालणार हे बरचसं पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीवर आणि घरात वारा फिरतो का यावर आहे.

आता गंमत अशी नाही, अडचणच अशी आहे की मुंबईचा समुद्र पश्चिमेला आहे. म्हणजे ज्या बाजूला व्ह्यू त्याच बाजूला दुपारी दोनपासून मावळेपर्यंतचं ऊन, आणि ज्या काचेसाठी आपण स्क्वेअर फुटाला जास्त पैसे मोजतो तीच काच एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये घर तापवते. व्ह्यू सोडा असं मी म्हणत नाहीये, मला स्वतःला तो हवाच आहे, फक्त त्या बाजूला सावली आणि काच नीट आहे का हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

पहिलं काम, साईटवर जायची वेळ. सेल्सवाले सकाळी अकराला बोलवतात किंवा एकदम सूर्यास्ताला, तुम्ही दुपारी साडेतीन-चारला जा. मोबाईलमध्ये होकायंत्र उघडून प्रत्येक खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते प्लॅनवर पेनाने लिहा, कारण ब्रोशरमधल्या प्लॅनवरचा उत्तरेचा बाण बघायचा कोणाच्या लक्षातच राहत नाही. ऊन खोलीत किती आत येतंय ते बघा. साधा दीड-दोन फुटांचा छज्जा दुपारी उशिरापर्यंत पुरत नाही, कारण सूर्य खाली उतरला की किरण आडवे येतात आणि छज्जाच्या खालून सरळ आत घुसतात. पश्चिमेला कामाला येते ती खोल बाल्कनी, निदान पाच फूट, किंवा खिडकीच्या बाहेरच्या अंगाला उभ्या पट्ट्या नाहीतर खालीवर करता येणारे पडदे. आतल्या बाजूला कितीही जाड पडदा लावला तरी ऊन काचेतून आत आलेलं असतं, मग ती उष्णता घरातच राहते.

सॅम्पल फ्लॅट बघून काही ठरवू नका, तिथे एसी आधीपासून चालू करून ठेवलेला असतो. ज्या बिल्डिंगचं स्लॅब-भिंतींचं काम झालंय तिथे वर जाऊन संध्याकाळी सात वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. हात लावल्यावर कोमट लागली तर ती भिंत रात्री अकरापर्यंत तुमच्या बेडरूममध्ये उष्णता सोडत राहणार. हल्ली उंच टॉवरमध्ये माइव्हान शटरिंगने काम होतं, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात. काम भराभर होतं, भिंती सरळ येतात, सांधे कमी म्हणून गळतीसुद्धा कमी, हे सगळं खरं आहे. पण १५० मिलिमीटर काँक्रीटमधून जेवढी उष्णता आत येते त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या भिंतीतून येते. एएसी म्हणजे ते हलके, राखाडी-पांढरे, आत बारीक बुडबुडे असलेले ब्लॉक. म्हणून बिल्डरला सरळ विचारा, पश्चिमेची बाहेरची भिंत कशाची आहे? काँक्रीटची असेल तर तिच्यावर इन्सुलेशन काय दिलंय? आमच्या कमिटीने हा प्रश्न तीन बिल्डरना विचारला, एकानेच ड्रॉइंग उघडून दाखवलं.

पुढचा प्रश्न जरा टेक्निकल आहे पण विचाराच. भारत सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने डिसेंबर २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली, राहत्या इमारतींसाठी. त्यात आरईटीव्ही नावाचा एक आकडा आहे, बाहेरच्या भिंती आणि खिडक्या मिळून दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता आत येते त्याचा. आपल्यासारख्या दमट हवेच्या ठिकाणी तो १५ वॅटच्या वर जाऊ नये असं संहितेत आहे. आर्किटेक्टने हा आकडा काढलेला असेल तर एका मिनिटात मिळतो, आणि काढलाच नसेल तर एनर्जी एफिशियंट हे कशाच्या आधारावर लिहिलं ते विचारायला तुम्ही मोकळे आहात. असंच काचेचं. काचेचा एसएचजीसी किती ते विचारा, उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो हा आकडा. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो, चांगल्या सोलर कंट्रोल काचेचा ०.३ च्या आसपास. डबल ग्लेझिंग म्हटलं की लोक खूश होतात, पण दोन्ही काचा साध्याच असतील तर रस्त्याचा आवाज कमी होईल, ऊन फारसं नाही.

आता वारा, आणि समुद्राजवळ राहायचं तर खरा फायदा इथेच आहे. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून वारा येतो, रात्री उलटं. मार्च-एप्रिलमध्ये ज्या दिवशी खारा वारा उशिरा सुटतो तो दिवस मुंबईत जास्त तापतो हे आपण बातम्यांत ऐकतोच. हा वारा घरात यायचा तर एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट पाहिजे. सगळ्या खिडक्या एकाच भिंतीत आणि मागे बंद कॉरिडॉर असा फ्लॅट असेल तर समोर अख्खा अरबी समुद्र असूनही हवा आत फिरत नाही. मी खिशात उदबत्तीचं पुडकं घेऊन जातो. हॉलच्या मध्यभागी एक लावायची, सगळ्या खिडक्या आणि बेडरूमची दारं उघडायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं, मग मेन दार बंद करून परत बघायचं, कारण रोज रात्री दार बंदच असणार आहे. दार बंद केल्यावर धूर सरळ वर जायला लागला तर तो फ्लॅट एसीवरच राहणार.

खिडकी मोठी दिसते आणि उघडते मात्र अर्धीच, हेही बघा. दोन पट्ट्यांची स्लायडिंग अर्धीच उघडते, बिजागरीवर उघडणारी जवळजवळ पूर्ण. दमट हवेसाठी संहितेत असं आहे की उघडणारा भाग कार्पेट एरियाच्या (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) १६.६६ टक्के तरी पाहिजे, म्हणजे सहावा हिस्सा. ६०० स्क्वेअर फूट कार्पेट असेल तर १०० स्क्वेअर फूट उघडता आलं पाहिजे, बाल्कनीचं दार धरून. टेप नेऊन मोजा, दहा मिनिटं लागतात. तळापासून छतापर्यंत पक्की बसवलेली काच आणि कोपऱ्यात एक छोटं उघडणारं तावदान, असे फ्लॅट मी बरेच बघितले आणि एकही घेऊ दिला नाही.

आता खारट हवा. ही गोष्ट पुण्या-नाशिकच्या यादीत नसते म्हणून इथे जरा थांबतो. आमच्या आधीच्या घरी एसीचं बाहेरचं युनिट तिसऱ्या वर्षी गेलं, स्टँड गंजला, कॉइलच्या पट्ट्या बोटाने चुरा होत होत्या, आणि त्याच्या आधी अख्खं वर्षभर तो एसी थंड कमी करत होता आणि बिल जास्त आणत होता, ते आम्हाला कळलंच नाही. लावणाऱ्याने कोटिंगचं काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. म्हणजे समुद्राजवळ गंज हा सरळ विजेच्या बिलाचा विषय आहे. बाहेरच्या युनिटची जागा समुद्राच्या वाऱ्याच्या थेट तोंडावर नको, आडोशाला पाहिजे, पण कोंडलेलीही नको. बऱ्याच टॉवरमध्ये सगळ्या मजल्यांची युनिट एकाच अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवतात आणि समोर दाट जाळी लावतात, मग खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यांचे एसी तीच गरम हवा परत ओढतात. तिथे माणसाला उभं राहून सर्व्हिसिंग करता येईल का तेही बघा. एसी घेताना कॉपर कॉइल आणि अँटी-करोजन कोटिंग मागा, स्टँडला हॉट डिप गॅल्वनाइज्ड (जस्ताचा जाड थर दिलेलं लोखंड) किंवा स्टेनलेस, खिडक्यांना यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा चांगल्या कोटिंगचं ॲल्युमिनियम, आणि स्क्रू ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडच्या स्टीलचे. स्क्रूसाठी एवढं कशाला असं वाटेल, पण बिजागरीचा स्क्रू गंजला की खिडकी नीट मिटत नाही, फटीतून थंड हवा जाते आणि जुलैमध्ये त्याच फटीतून पाणी आत.

पावसाळ्यात एक चक्कर माराच, जोरदार नैऋत्येचा वारा असताना. छज्जाच्या खालच्या कडेला पाण्याची धार तुटायला खाच आहे का, खिडकीखाली ओल आलीय का ते बघा. ओली भिंत उष्णता जास्त आत सोडते, बुरशी येते ते वेगळंच.

गच्चीबद्दल थोडक्यात. सगळ्यात वरच्या मजल्यावर घेत असाल तर ब्रिकबॅट कोब्याच्या (विटांच्या तुकड्यांच्या थराच्या) वर पांढरा चायना मोझॅक (टाइल्सचे तुकडे) आहे की काळपट वॉटरप्रूफिंगचा थर, आणि खाली इन्सुलेशन आहे का, एवढं विचारा. मधल्या मजल्यावाल्यांना याची चिंता नाही.

सोलरचं गणित मात्र स्वतः करा. समजा २२ मजले आणि मजल्यावर ४ फ्लॅट, म्हणजे ८८ घरं. गच्चीवर टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून मोकळी जागा धरू २००० स्क्वेअर फूट. १ किलोवॅटला साधारण १०० स्क्वेअर फूट लागतात, म्हणजे २० किलोवॅट, आणि वर्षाची सरासरी काढली तर किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिटच्या आसपास, म्हणजे महिन्याला २४०० युनिट. ८८ घरांत वाटले तर घराला २७ युनिट! तेवढ्यात जिन्यातले लाईट आणि पंपांचा काही भाग निघतो, मेंटेनन्स थोडा कमी होतो, आणि ते हवंच, पण तुमचं घर सोलरवर चालणार असं कोणी सांगितलं तर हा कागद समोर ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, योजना २०२६-२७ पर्यंतची आहे, तेव्हा पॅनल बिल्डर बसवून देणार की पुढे सोसायटीने बसवायचे हे आधीच ठरवा. आणि पॅनल सॉल्ट मिस्ट टेस्ट (खारट हवेत टिकण्याची चाचणी) झालेले घ्या, स्ट्रक्चरसुद्धा न गंजणारं.

कॉमन एरियाचा खर्च एलईडीपेक्षा पंप, लिफ्ट, बेसमेंटचे पंखे, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) आणि मेकॅनिकल पार्किंग यांच्यात जातो. पंपांना व्हीएफडी (गरजेप्रमाणे मोटारचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) आहे का, बेसमेंटचे पंखे सेन्सरवर चालतात की दिवसभर, एवढं विचारा. त्याच बिल्डरच्या दोन-तीन वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये जाऊन सेक्रेटरींना भेटून कॉमन मीटरचं मे महिन्याचं बिल दाखवायची विनंती करा, बहुतेक जण दाखवतात आणि वर चहा देतात, मला तरी तिथेच सगळ्यात जास्त कळलं.

ग्रीन बिल्डिंगच्या सर्टिफिकेटचं सांगायचं तर आयजीबीसी, गृह (GRIHA) आणि एज (EDGE) ही तीन नावं दिसतील. आयजीबीसीत सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असतं, गृहमध्ये स्टार, आणि एजमध्ये वीज, पाणी आणि बांधकाम साहित्य बनवतानाची ऊर्जा किंवा कार्बन या तिन्हीत निदान २० टक्के बचत दाखवावी लागते. ब्रोशरवर बरेचदा प्री-सर्टिफाइड असतं, ते डिझाइनच्या कागदांवर मिळालेलं असतं, बिल्डिंग उभी राहिल्यावरचं फायनल वेगळं. फायनल कोण आणि कधी घेणार हे लेखी मागा.

लेखी हा शब्द मुद्दाम वापरतोय. भिंतीचं मटेरियल, काचेचा एसएचजीसी, खिडकीचा प्रकार, सोलरचे किलोवॅट, एसी युनिटची जागा, हे सगळं ॲग्रीमेंटला जोडलेल्या स्पेसिफिकेशनच्या यादीत आलं पाहिजे. "प्रीमियम क्वालिटी विंडोज" असं लिहिलं असेल तर ते खोडून मेक आणि आकडा लिहून घ्या. ब्रोशर आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा कायदा) कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते, आणि ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) साईटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून मंजूर प्लॅन उतरवून घ्या आणि ब्रोशरच्या प्लॅनशी खिडक्या जुळतात का बघा, एका ठिकाणी ब्रोशरमध्ये दोन बाजूंना खिडक्या होत्या आणि मंजूर प्लॅनमध्ये एकाच.

ताबा मिळाल्यावर आधी पंखे बदला. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारचा) ३० च्या आसपास, दिवसाला १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात आणि पंखा चालू असला की एसी २६ वर ठेवून चालतो. एसीचं बाहेरचं युनिट पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा साध्या पाण्याने धुवून घ्या, मेन स्विच बंद करून, आणि प्रेशर पंप लावू देऊ नका कारण कॉइलच्या पट्ट्या वाकतात.