मेलबर्नमध्ये घर बांधताना: प्लास्टर चढण्याआधी काय तपासायचं

पुण्या-मुंबईत घराचं कौतुक करायला 'हवेशीर' हा शब्द पुरतो. मेलबर्नमध्ये जुलैच्या रात्री हीच हवा हीटरच्या बिलात मोजावी लागते. चाळिशी गाठणारे दिवस इथेही येतात, पण मोजके. घर तापवण्याचे महिने त्याहून कितीतरी जास्त असतात. ऑस्ट्रेलियाच्या बांधकाम संहितेने देशाचे हवामानानुसार ८ विभाग केले आहेत: डार्विन १, ब्रिस्बेन २, मेलबर्न ६, कॅनबेरा आणि होबार्ट ७. खालची माहिती सहाव्या विभागाची आहे. ब्रिस्बेनवाल्यांनी ती जशीच्या तशी उचलू नये.

ऊन उत्तरेकडून येतं

हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी प्लॉट निवडताना जुनी सवय आड येते. इथे सूर्य पूर्वेला उगवून उत्तरेकडून पश्चिमेला जातो. त्यामुळे वास्तूप्रमाणे आग्नेयेला ठेवलेलं स्वयंपाकघर हिवाळ्यात जवळजवळ उन्हाविना राहतं. बैठकीची खोली आणि जेवणाची जागा उत्तरेला घ्या. गॅरेज, लाँड्री आणि बाथरूम दक्षिणेला किंवा पश्चिमेला ढकला. बिल्डरचा ठरलेला प्लॅन उलटा पडत असेल तर आरशातल्यासारखा फिरवून मागा, आणि तो करारावर सही करण्याआधीच. सहीनंतर प्रत्येक बदलाचे पैसे लागतात.

मेलबर्नला भर दुपारी सूर्य जूनमध्ये सुमारे २९ अंशांवर असतो आणि डिसेंबरमध्ये सुमारे ७६ अंशांवर. उत्तरेच्या खिडकीवरच्या वळचणीची रुंदी यावरूनच ठरते. खिडकीच्या तळापासून वळचणीच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची मोजा आणि तिच्या ४५ टक्के रुंदी ठेवा. उंची १.५ मीटर असेल तर ६७५ मिलिमीटर. जमिनीपर्यंतच्या सरकत्या दाराची उंची २.४ मीटर असेल तर एक मीटरच्या जरा पुढे, १.०८ मीटर. बिल्डर सहसा ४५० देतो, म्हणून हा आकडा नकाशावर लिहून घ्या. अर्थात वळचण ही तडजोडच आहे. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सूर्य एकाच उंचीवर असतो, पण मार्च तापलेला आणि सप्टेंबर गारठलेला. मोठ्या दारापुढे मांडव घालून द्राक्षाचा वेल चढवला तर मार्चमध्ये पानांनी सावली आणि सप्टेंबरमध्ये उघडा, असं तो हे गणित वळचणीपेक्षा चांगलं सोडवतो.

पश्चिमेला वळचणीचा उपयोग नाही, ऊन आडवं येतं. खिडकी लहान ठेवा आणि पडदा काचेच्या बाहेर लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे उष्णता घरात शिरलेली असते.

७ तारे कागदावरचे

व्हिक्टोरियात १ मे २०२४ पासून नव्या घराला नॅटहर्सचे, म्हणजे घरांच्या ऊर्जाक्षमतेच्या राष्ट्रीय मानांकनाचे, ७ तारे लागतात. ते नकाशावरून संगणकात काढले जातात. बांधलेलं घर कोणी मोजत नाही. म्हणून प्रमाणपत्राची प्रत मागा. प्रत्येक भिंतीसाठी आणि छतासाठी कोणती आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याचं माप, जास्त तेवढं चांगलं) धरली, खिडक्यांची यू-व्हॅल्यू (उष्णता निसटण्याचं माप, कमी तेवढं चांगलं) किती धरली, हे त्यात लिहिलेलं असतं. बॅट्सच्या (भिंतीत आणि छतावर घालायच्या उष्णतारोधक गाद्यांच्या) पुड्यांवरचे आणि काचांवरचे स्टिकर काढण्याआधी हे आकडे ताडून पाहा. फरक असेल तर लगेच लेखी कळवा.

स्लॅबची कड

मेलबर्नच्या फुगणाऱ्या चिकणमातीवर बहुतेक घरं वॉफल स्लॅब नावाच्या काँक्रीटच्या पायावर उभी राहतात. त्यात फोमचे ठोकळे असल्यामुळे मधला भाग बरा असतो, उष्णता पळते ती कडेने. कडेला फोम लावायचा म्हटलं की वाळवीचा प्रश्न येतो. स्लॅबची ७५ मिलिमीटर कड उघडी ठेवून वाळवी तपासायची, ही इथली नेहमीची पद्धत. फोमने कड झाकली तर वाळवी मागून वर चढते आणि दिसत नाही. कडेला फोम हवा असेल तर वाळवीची वेगळी अडथळा-पद्धत स्लॅब ओतण्याआधीच डिझाइनमध्ये घ्या. मागाहून चिकटवलेला फोम म्हणजे वाळवीला दिलेला जिना. आणि अंगणाची माती किंवा फरशी कडेवर चढवू नका. हँडओव्हरनंतर लँडस्केपिंग करताना हीच चूक सर्रास होते.

भिंत, बाहेरून आत

सर्वसाधारण घराची भिंत अशी: ११० मिलिमीटरची वीट, पोकळी, पडदा (सांगाड्याला बाहेरून गुंडाळलेलं पातळ आवरण), बॅट्स भरलेला ९० मिलिमीटरचा लाकडी सांगाडा आणि १० मिलिमीटरचं प्लास्टरबोर्ड. वीट फक्त पाऊस अडवते. उबेचं काम बॅट्सचं. ९० मिलिमीटरमध्ये आर २.७ च्या जास्त घनतेच्या बॅट्स बसतात. त्याहून जाड बॅट कोंबली तर ती दबते आणि जास्तीचे पैसे वाया जातात.

पडद्याच्या बाबतीत कंजूषी नको. सहाव्या, सातव्या आणि आठव्या विभागात बाहेरचा पडदा वाफ जाऊ देणारा, क्लास ४ चाच लागतो. जुन्या पद्धतीचा चकचकीत फॉइल वाफ अडवतो. कुकरच्या शिट्ट्या, फोडणी, आत वाळत घातलेले कपडे, या सगळ्याची वाफ भिंतीत शिरून थंड फॉइलवर पाणी होते आणि दोनतीन हिवाळ्यांत लाकडाला बुरशी धरते. पडद्याचे सांधे टेपने बंद हवेत. वाऱ्यावर फडफडणारा पडदा हवा अडवत नाही.

बॅट्स भरल्यावर प्लास्टर चढण्याआधी एकदोन दिवस मिळतात. त्या दिवसांत टॉर्च घेऊन साइटवर जा. दोन बाहेरच्या भिंती मिळतात त्या कोपऱ्यात स्टडची, म्हणजे सांगाड्याच्या उभ्या लाकडांची, बंद पेटी तयार होते. तिच्यातली पोकळी पडदा लागण्याआधीच भरावी लागते, नंतर तिथे हात जात नाही, म्हणून त्यासाठी एक फेरी आधीच मारा. बाथटबमागच्या भिंतीचं तेच. वायरीच्या मागे बॅट चेपलेली असेल तर ती चिरून वायर मधून घ्यायला सांगा.

छतावर आर ६ म्हणजे साधारण पाव मीटर जाडी. छपराच्या उतारामुळे बाहेरच्या भिंतीवर एवढी उंचीच उरत नाही, तिथे बॅट दबते किंवा अलीकडेच थांबते. पुढच्या हिवाळ्यात छत आणि भिंतीच्या सांध्यावर काळी रेघ उमटते ती इथेच. छपराची कैची (ट्रस) मागवतानाच तिची टाच, म्हणजे भिंतीवर टेकणारं टोक, उंच करून घ्या. छतात बसवायचे दिवे आयसी-४ खुणेचे घ्या, म्हणजे त्यांच्यावरून बॅट सलग टाकता येते. साध्या दिव्याभोवती जागा सोडावी लागते आणि अशा वीस दिव्यांनी छताची चाळण होते.

खिडक्या आणि फटी

अॅल्युमिनियमच्या साध्या चौकटीत एकेरी काच असेल तर यू-व्हॅल्यू साडेसहाच्या आसपास असते. त्याच चौकटीत दुहेरी काच बसवली तरी ती चारच्या आसपासच अडकते, कारण चौकटच उष्णता वाहून नेते. यूपीव्हीसीची (प्लास्टिकची) किंवा उष्णतारोधक दुवा असलेल्या अॅल्युमिनियमची चौकट, लो-ई (उष्णता परतवणारा थर दिलेली) काच आणि दोन काचांमध्ये आर्गॉन वायू, असा संच दोनच्या आसपास येतो. पैसे कमी असतील तर काचेचं क्षेत्रफळ कमी करा, प्रत नको. उत्तरेला ऊन आत घेणारी काच घ्या, पश्चिमेला अडवणारी.

चौकट आणि स्टड यांच्यामधली बोटभर फट लाकडी पट्टीखाली झाकून टाकतात. तिथून अख्खा हिवाळा वारा येतो. तीन बाजूंनी कमी फुगणारा फोम भरा. साधा फोम चौकट वाकवतो आणि मग झडप अडकते. खालची बाजू मात्र फोमने बुजवू नका, फ्लॅशिंगवरून (पाणी वळवणाऱ्या पट्टीवरून) पाणी बाहेर यायची वाट तीच असते.

पंख्याने ५० पास्कल दाब निर्माण केल्यावर तासात घरातली हवा किती वेळा बदलते, यावरून फटी मोजतात. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने २०१५ साली मांडलेल्या पाहणीत ऑस्ट्रेलियन घरांची सरासरी १५.४ होती. पॅसिव्ह हाउस या अत्यल्प ऊर्जेच्या घरांच्या मानकाची मर्यादा ०.६ आहे. नेहमीच्या बिल्डरकडून काळजीपूर्वक काम करून घेतलं तर ५ च्या आसपास पोचता येतं. पंख्याची ही चाचणी दोनदा करा: प्लास्टरआधी, फटी बुजवता येतात तेव्हा, आणि हँडओव्हरआधी. ५ च्या खाली गेलात तर उष्णता परत मिळवणारं वायुवीजन बसवा. नाहीतर चार माणसांच्या श्वासानेच काचा ओल्या होतील.

एक्झॉस्ट पंखा छपराच्या पोकळीत नव्हे, थेट बाहेर सोडायचा: बाथरूमला सेकंदाला किमान २५ लिटर, स्वयंपाकघराला आणि लाँड्रीला ४०. नळी ताणून आणि बाहेरच्या दिशेने थोडी उतरती ठेवा. लोंबणाऱ्या नळीत पाणी साचतं आणि पंखा नुसता आवाज करतो. शेगडीवरची चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीत सोडणारी असेल तर ती बदलून घ्या. फोडणीचा वास ती थोडाफार घालवेल, वाफ नाही.

प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप जमिनीपासून उभी धरून. पुढे टीव्ही किंवा फडताळ टांगताना स्टड, वायर आणि पाइप कुठे आहेत ते त्यातच सापडतं.